न्यूझीलंडचं स्थळ

अप्पांनी मला खोली दाखवायच्या आधी माझी उंची विचारली.

मी कळंबची. लोहाऱ्याच्या पोस्टात काउंटरवर माझी नेमणूक झाली. शाळेमागच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बॅग घेऊन मी त्या दारात उभी होते. ओट्यावर पांढरा सदरा-पायजमा घातलेले, कानावर पेन अडकवलेले साठीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाच फूट तीन?"

"दोन," मी म्हणाले. "खोलीचं भाडं किती?"

"सांगतो की. शिक्षण? भावंडं किती?"

मला वाटलं, लोहाऱ्यात भाडेकरू असेच पारखून घेत असतील. दारावरची पाटी मी बॅग आत ठेवल्यावर वाचली. 'वधूवर सूचक केंद्र' असं तिच्यावर लिहिलं होतं. डाव्या कोपऱ्यात गणपती होता आणि उजव्या कोपऱ्यात एक जाडा, हिरवा, दुःखी चेहऱ्याचा पोपट.

घरात दोनच माणसं. अप्पा आणि त्यांची धाकटी बहीण. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, अप्पाही. अक्काला सीमेपलीकडं कर्नाटकात दिलं होतं. चार वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली, त्याला बावीस वर्षं झाली होती. अप्पा स्वतः बिनलग्नाचे. अख्ख्या तालुक्याची लग्नं जमवणाऱ्या माणसानं स्वतःचं का जमवलं नाही, असं मी एकदा विचारलं. "हलवाई गोड खातो व्हय?" ते म्हणाले. वास्तविक त्यांना गोड फार आवडायचं.

पोपटाचं प्रकरण मी येण्याच्या वर्षभर आधी सुरू झालं होतं. धंदा बसत चालला होता. शेती करणाऱ्या पोराला कुणी मुलगी देईना. अप्पांच्या लोखंडी कपाटात मुलांच्या फायलींनी चार खण भरले होते आणि मुलींच्या फायली एका पिशवीत मावत होत्या. अशात एकदा उमरग्याहून येताना जीपमध्ये शेजारच्या पोरानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. न्यूझीलंडमधला काकापो नावाचा पोपट. जगात मोजकेच उरलेले. लठ्ठ, हिरवा, उडता न येणारा. जोडीदारीण हवी म्हणून नर डोंगरावर जमिनीत खळगा करतो, त्यात बसतो आणि छाती फुगवून घुमत राहतो. रात्रीमागून रात्री. बरेचदा कुणीच येत नाही.

जीप लोहाऱ्यात पोचेपर्यंत अप्पांनी तो व्हिडिओ सहा वेळा बघितला. घरी येऊन अक्काला म्हणाले, "अगं, ह्यो तर आपल्या तालुक्यातलाच पोरगा हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन रजिस्टर आणलं. ते मी पाहिलं आहे. पहिल्याच पानावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: नाव – काकापो. उंची – दोन फूट. वर्ण – हिरवा. व्यंग – उडता येत नाही. घर – स्वतःचं (खळगा). आहार – शाकाहारी. व्यसन – नाही. आणि 'नोकरी' या रकान्यात, जिथं आजवर त्यांचा हात सगळ्यात जास्त अडखळला होता तिथं, ठसठशीत एकच शब्द होता: सरकारी.

"सरकारी कसं?" मी विचारलं.

"सरकार सांभाळतंय त्याला. खायला घालतंय, वजन करतंय, औषधपाणी बगतंय. आजून सरकारी म्हंजे काय आसतंय?"

त्या रजिस्टरात पुढं बरीच स्थळं आली. ब्राझीलचा निळा मकाव होता, जंगलातून नाहीसा होऊन पिंजऱ्यातच उरलेला. ऑस्ट्रेलियाकडचा नारिंगी पोटाचा एक होता, जो दरसाल समुद्र ओलांडून जातो-येतो. त्याच्यापुढं 'फिरतीची नोकरी' असा शेरा होता. मॉरिशसचा हिरवा पोपट दिसायला हुबेहूब आपल्याकडच्यासारखा, म्हणून त्याच्यापुढं 'भावकीतला'.

आपल्याकडचे पोपट मात्र अप्पांच्या खिजगणतीतही नव्हते. अंगणातल्या पेरूवर रोज सकाळी पंधरा-वीस येऊन धुडगूस घालायचे. अक्का पत्र्याचा डबा वाजवून हाकलायची. अप्पा मान वर करूनही बघत नसत. "त्यांची लग्नं आपोआप होतायत," ते म्हणायचे. "त्यास्नी माझी गरज न्हाय."

मला इंग्रजी येतं हे कळल्यावर माझी उंची, माझी भावंडं हे सगळं मागं पडलं. दर रविवारी सकाळी अप्पा सांगायचे आणि मी लिहायची. पत्ता ते 'न्यूझीलंड सरकार, पोपट खातं' असा सांगत. खरा पत्ता मी गुपचूप शोधून घालायची. मजकूर साधारण असा असे: आपल्या मुलाला खळग्यात बसून हाका मारायची सवय आहे ती चांगली नाही, मुलानं मुलीच्या घरी जावं. चार लोकांसमोर त्याचं वजन करू नये, तो लाजत असेल. एकाच घरातली मुलं-मुली एकमेकांना दाखवू नयेत, आमच्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं लावतात त्याचे परिणाम आम्ही बघतो आहोत. मी ते जरा मवाळ करून उतरवायची. ईमेल अप्पांना मान्य नव्हता. "गेलं कुठं ते दिसत न्हाय," म्हणायचे. पाकीट घरात माझ्या हातात देणं त्यांना पोस्टाचा अपमान वाटे. सोमवारी ते येऊन रांगेत उभे राहायचे आणि खिडकीशी आले की अनोळखी माणसासारखे म्हणायचे, "मॅडम, परदेशी टपाल."

चौथ्या पत्राला उत्तर आलं. छापील आभाराचं कार्ड होतं, त्यावर काकापोचा रंगीत फोटो. अप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"नकार न्हाय ना?"

"नकार नाही."

"मंग होकारच. नकार आसला की लोक उत्तर देत न्हाईत, माझा चाळीस वर्षांचा अनुभव हाय."

कार्ड फायलीत लागलं. त्यानंतर महिनाभरात जेवळीकडची एक बाई मुलीसाठी स्थळ बघायला आली. अप्पांनी दोन-चार फायली दाखवल्या, तिनं बाजूला सारल्या.

"न्यूझीलंडचं एक स्थळ हाय म्हणं तुमच्याकडं," ती म्हणाली. "सरकारी."

अप्पा कधी खोटं बोलत नसत. "हाय. पण मुलगा दिवसा झोपतो आन् रात्री जागतो."

"शिफ्ट ड्युटी आसंल."

"वजन जरा जास्त हाय."

"खात्यापित्या घरचा आसंल. घरी कोण कोण?"

"एकटाच राहतो. डोंगरावर."

"म्हंजे सासूचा तरास न्हाय." बाईंचा चेहरा उजळला. "पण आमची पोरगी माळकरी हाय. घरात अंडंबी चालत न्हाय तिला."

"त्योबी शाकाहारीच हाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फाइल उघडून फोटो पुढं केला.

बाईंनी तो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता ही फाइल अप्पांच्या डोक्यात घालणार. तिनं कपातला शेवटचा घोट घेतला, फाइल मिटली आणि उठताना म्हणाली, "बरा हाय. पण लई लांब पडतंय."

मॉरिशसचं पत्र अप्पांनी मला लिहू दिलं नाही. त्या बेटावर आपली माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी गेली आहेत, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. "मंग तिथल्या पोपटांना मराठीच कळत आसणार," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं मराठीत चार पानं लिहिली. मी ते पत्र समुद्रात गेलं असं धरून चालले होते. पाच महिन्यांनी उत्तर आलं, तेही देवनागरीत. तिथं पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या एका तरुणानं आजीला शेजारी बसवून लिहिलं होतं. अक्षर वाकडं, 'पोपट आली', 'पिल्लू गेला' अशी भाषा. पण त्यातली दोन वाक्यं अप्पांनी वहीत उतरवून घेतली: 'आम्ही कागद बघून जोडी लावतो, तर कधी ती एकमेकांकडे पाठ करून बसते. पुष्कळ पक्षी एकत्र सोडले आणि त्यांनी आपल्या मनाने निवडले, तर घर चांगले चालते.'

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी कागद बघूनच जोड्या लावल्या होत्या.

आठ दिवसांनी गावात पत्रकं वाटली गेली. वधूवर मेळावा. नाव नाही, आडनाव नाही, जात नाही, पगार नाही, जमीन नाही. फक्त नंबर.

मंगल कार्यालयाचा हॉल घेतला. रोपवाटिकेला लावतात ती हिरवी जाळी दारं-खिडक्यांना ताणली. आईबाप जाळीच्या बाहेर, मुलं-मुली आत. आत पेरूच्या फांद्या बांधल्या होत्या. शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, पेरूच्या फोडी वेगवेगळ्या उंचीवर ठेवल्या होत्या. काही टेबलावर, काही खिडकीत, आणि एक परात शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. "खाणं हुडकताना वळख होती," अप्पा म्हणाले. चहा अक्काकडं होता. स्वयंपाकाला नेहमीचा आचारी बोलावला होता. सीमेपलीकडच्या आळंदचा, बायको वारलेला, धिप्पाड आणि कमी बोलणारा माणूस. अप्पांच्या प्रत्येक कार्याला दहा-अकरा वर्षं तोच यायचा.

मुलगे एकतीस आले. मुली पाच. अप्पांनी माझ्या ओढणीला सहा नंबर टाचला. "पोस्टाची इज्जत राखा," म्हणाले.

तीन तास आम्ही आत होतो. अप्पा गळ्यात शिट्टी अडकवून बाहेर फेऱ्या मारत होते. एखादा बाप जाळीला तोंड लावून "पगार इचार, पगार" म्हणाला की शिट्टी वाजायची. आत सगळे मुलगे एका कोपऱ्यात जमले आणि सोयाबीनवर बोलू लागले. दोघांची ट्रॅक्टरवरून इतकी गट्टी जमली की त्यांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले. मुली माझ्याभोवती बसून पोस्टाची भरती कधी निघते ते विचारत राहिल्या. शिडीवरच्या परातीला कुणी हात लावला नाही. शेवटी ज्यानं-त्यानं पसंतीचा नंबर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा होता. डबा चहाच्या टेबलावर ठेवला होता.

संध्याकाळी ओट्यावर बसून अप्पांनी तो उघडला. मुलांनी झाडून सगळ्या मुलींचे नंबर लिहिले होते. मुलींच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. एकीवर फक्त 'कुणी नको, पण पेरू चांगले होते' एवढं होतं. आणि सगळ्यात खाली एक चिठ्ठी कानडीत.

दुसऱ्या दिवशी गावात एकच वाक्य फिरत होतं, अप्पांचा पोपट झाला. पोरीला जाळीतून बघायला लावलं म्हणून एक बाप फाइल परत घेऊन गेला. त्याच्या मागं आणखी सतरा जण. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा जीव त्या कानडी चिठ्ठीत अडकला होता. "एक जोडी लागलीय," ते म्हणत राहिले. "एक तरी लागलीय, बगा." मला कानडी येत नव्हतं. आमचा पोस्टमन फाडफाड बोलायचा, पण त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी अप्पा ती चिठ्ठी ताटाशेजारी ठेवूनच जेवायला बसले. मीही त्या दिवशी त्यांच्याकडंच जेवत होते.

"दादा, मला इचारा की," चुलीपाशी बसलेली अक्का म्हणाली.

"तुला वाचता येतंय?"

"चार वर्षं तिथं काय नुसत्या भाकरी थापल्या? नणंदेनं शिकिवलं होतं."

तिनं पदराला हात पुसले आणि चिठ्ठी घेतली. एकदा मनात वाचली. मग पुन्हा वाचली.

"काय लिहिलंय?" अप्पांनी विचारलं.

"'चहा देणाऱ्या बाईंना नंबर नव्हता,'" ती सावकाश, शब्द लावत म्हणाली. "'असता तर लिहिला असता.'"

तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही. कानडीत लिहिणारा माणूस त्या हॉलमध्ये एकच होता, हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं असावं.

"ही चिठ्ठी बाद," अप्पा म्हणाले. "आचारी उमेदवार नव्हता. नियमात बसत न्हाय."

"बरं," अक्का म्हणाली. तिनं करपलेली भाकरी काढली आणि दुसरी टाकली.

पुढचे चार दिवस अप्पा घरात थांबेनात. एकदा भर दुपारी पोस्टात आले, रांगेत उभे राहिले आणि खिडकीशी येऊन हळू आवाजात सुरू झाले. "मॅडम, त्रेचाळीस वय हाय तिचं. भाषा येगळी, माणसं येगळी. मी लोकांच्या पोरी उजवणारा माणूस. लोक काय म्हणतील?" मागं पाच-सहा जण ताटकळत होते.

"परदेशी टपाल आहे का?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग रांग सोडा."

ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही. त्याच घरात राहून मी अक्काला रोज बघत होते. ती पूर्वीसारखीच झाडत होती, चहा देत होती. एवढंच, की पेरूवर पोपट आले तरी तिनं डबा वाजवणं सोडलं होतं.

रविवारी मी वही घेऊन पत्र लिहायला बसले, तेव्हा अक्का आली. तिनं कपाटातून मुलींची पिशवी काढली, तिच्यातला कोरा फॉर्म काढला आणि अप्पांसमोर ठेवला.

"भरा," ती म्हणाली.

अप्पांनी कानावरचं पेन काढलं. नाव लिहिलं. उंचीच्या रकान्याशी थांबले. तालुक्यातल्या सगळ्या मुलींच्या उंच्या तोंडपाठ असलेल्या माणसाला बहिणीची सांगता येईना. मी टेप आणली. अक्का भिंतीला टेकून उभी राहिली.

"शिक्षण, सातवी," अप्पा लिहू लागले.

"दहावी."

"कवा?"

"बाहेरून दिली. तुमी तवा तुळजापूरच्या मेळाव्याला गेला होता. निकाल लागला तवाबी घरी नव्हता."

अप्पांनी सातवी खोडलं. दर रकान्यात काही ना काही खोडावं लागत होतं. फॉर्म शाळेतल्या पोराच्या वहीसारखा झाला. सगळ्यात शेवटचा रकाना अपेक्षांचा.

"अपेक्षा?" त्यांनी मान खाली घालूनच विचारलं.

"ऐकणारा पायजे," अक्का म्हणाली. "बोलणारा लई झाला."

अप्पांनी पहिलं वाक्य लिहिलं. मग पेन धरून थोडा वेळ बसले, आणि दुसरंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते आचाऱ्याच्या गावाला गेले. कुठल्याही स्थळाची चौकशी चार बाजूंनी करायची, हा त्यांचा नेम होता. तीन दिवसांनी धुळीनं माखून परत आले आणि ओट्यावर बसून अहवाल दिला. "दोन म्हशी हायत. हिरीला पाणी हाय. बायको अंथरुणाला खिळली तवा चार वर्षं यानंच सगळं केलं म्हणं. शेजाऱ्याला इचारलं, माणूस कसा हाय. त्यो म्हणला, आजून आवाज ऐकला न्हाय." अप्पांनी सदऱ्यावरची धूळ झटकली. "म्हणलं, बसतंय मंग."

लग्न नोंदणीनं झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली. दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाही म्हणून नवरदेवानं पहाटे उठून चाळीस माणसांचा स्वयंपाक स्वतः केला आणि तसाच, कोथिंबिरीचा वास येणाऱ्या हातानं, सही करायला आला. फायली परत नेलेले बरेच जण जेवायला आले होते. वांग्याची भाजी दोनदा घेतली त्यांनी.

त्यानंतर अप्पांची रविवारची पत्रं बंद झाली. दर रविवारी ते सकाळच्या जीपनं अक्काकडं जायचे आणि अंधार पडताना यायचे. येताना पिशवीत धपाटी, दशम्या, शेंगाचटणी असायची. त्यावर त्यांचा आठवडा जायचा.

"दर आठवड्याला बहिणीकडं?" मी एकदा म्हणाले.

"बहिणीकडं न्हाय. निरीक्षणाला. पक्षी सोडला म्हंजे काम संपत न्हाय, पोरी. वर्षभर ध्यान ठिवावं लागतंय. खातंय का, घर करतंय का, का परत माणसाकडंच येतंय." त्यांनी खिशातली छोटी डायरी दाखवली. तिच्यात तारीखवार नोंदी होत्या. 'सकाळी दहा. अंगणात. नवीन पातळ. दोनदा हसली.'

असे सात-आठ महिने गेले. एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर अप्पा ऐन दुपारी रिकाम्या हातानं गल्लीतून येताना दिसले. मी खाली आले.

"लवकर आलात?"

"आता जायची गरज न्हाय," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले. "दोघं भांडत होती. पाण्याची टाकी कुठं ठिवायची त्यावरनं. ती कानडीत, त्यो मराठीत. त्यो इतका बोलतो हे मलाबी ठावं नव्हतं. मी फाटकाशी पंधरा मिनिटं हुबा होतो. कुणी बघितलंबी न्हाय."

"मग हाक मारायची."

"हाक मारायची नसती," अप्पा म्हणाले. "आपल्याकडं बघायचं सोडलं म्हंजे काम झालं."

त्यांनी चपला काढल्या आणि पाय वर घेतले. मी जायला वळले.

"पोरी," ते म्हणाले, "भात किती येळ शिजू द्यायचा आसतो?"

"कुकर असेल तर तीन शिट्ट्या."

त्यांनी खिशातून डायरी काढली आणि तारीख घालून ते लिहून घेतलं.